पेटीवर बसलेला माणूस

दारावरचं डांबर निघता निघत नव्हतं. सांधेवाल्याच्या बायकोने आधी रॉकेलचा बोळा घासून पाहिला, मग उलथनं आणून खरवडायला घेतलं. 'पळपुट्याचं घर' यातलं 'घर' तेवढं गेलं. डांबर रेल्वेच्या शेडमधलंच होतं. इतकी वर्षं नवऱ्याचे कपडे धुतलेल्या बाईला तो वास कुठला, हे कुणी सांगायला नको होतं.

मागे कुणीतरी येऊन थांबलं. वळून पाहते तर लष्करी कोटातला एक माणूस. बगलेत कुबडी, एक पाय गुडघ्यापासून नाही.

"वहिनी, सांधेवाल्याचं घर हेच ना?"

"वहिनी कुणाची? दारावर एवढं मोठं लिहिलंय, वाचा की."

त्याने वाचलं. पण तो गेला नाही.

तिचा नवरा यार्डात सांधे बदलायचा. कुठली गाडी कुठल्या रुळावर जायची, ते त्याच्या हातातल्या दांड्यावर ठरायचं. माणूस फटकळ आणि एककल्ली. रूळ मोकळा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दांडा ओढायचा नाही, मग मुकादम कितीही बोंबलो. लढाई लागली आणि शेडमधून माणसं मागितली, तेव्हा मुकादमाने आपल्या मेव्हण्याला मागे ठेवलं आणि याला पुढे केलं. निघताना सगळ्यांदेखत मिठीही मारली. नंतर कळलं ते एवढंच, की हुकूम मोडला म्हणून त्याला गोळी घातली. शत्रूने नव्हे, आपल्याच लोकांनी. तेव्हापासून गल्लीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि मुकादम चारचौघांत सांगत होता, मला आधीच वाटलं होतं, हा ऐन वेळी शेपूट घालणार.

"मी त्या गाडीत होतो," लंगडा म्हणाला.

"कुठल्या गाडीत?"

"जखमींच्या. पूल उडवायचा होता. सुरुंग लावून झाले होते, ते उडवायच्या खटक्याची पेटी तुमच्या माणसापाशी होती. साहेब म्हणाला, दाब. हा म्हणाला, पलीकडून जखमींची गाडी यायचीय अजून. साहेब म्हणाला, गाडी गेली खड्ड्यात. तर हा त्या पेटीवर बसला."

"बसला?"

"मांडी घालून. त्याच्या तुकडीतल्यांनीच सांगितलं मला. साहेबाने पिस्तूल रोखलं, पण गोळी पेटीला लागली असती तर पूल तसाच राहिला असता. दोघांनी ओढून पाहिलं, हा हलेना. तेवढ्यात आमची गाडी आली. मी दारातच पडलेलो होतो, मी पाहिला त्याला, बसलेला. गाडी अलीकडे आली, तसा तो उठला आणि त्यानेच पूल उडवला. शत्रू पलीकडेच अडकला. संध्याकाळी त्याला भिंतीशी उभं केलं."

तिला ती मांडी दिसली. घरात भांडण झालं की तो असाच बसायचा. भिंत सरकली असती, तो नाही. कितीदा तिने त्यावरून त्याला नाही नाही ते ऐकवलं होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

"हे मला कशाला सांगताय?"

"तुम्हाला कळावं म्हणून."

"तो पळणाऱ्यांतला नाही, हे मला तुम्ही सांगायला नको. ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगा."

"वहिनी, आम्हाला सक्त ताकीद आहे. कुठे बोललो तर माझीही तीच गत होईल."

"असं होय. म्हणजे माझ्या कानात सांगून तुम्ही मोकळे. आणि मी इथे दार खरवडत बसायचं."

"मला घरी दोन मुली आहेत."

"आहेत ना? बाप परत आला त्यांचा." तिने उलथनं खाली टाकलं. "का आला, ते त्यांना तरी सांगितलंत का?"

त्याचा कोट इतका ढगळ होता की आतला माणूस वाळत चाललाय असं वाटावं. तिला त्याची दया आली आणि त्या दयेचाच राग आला.

शेडचा भोंगा झाला. पाळी सुटली. फाटकातून माणसं बाहेर पडली आणि डबे वाजवत, हसत गल्लीकडे वळली. मुकादम सगळ्यांच्या पुढे होता.

लंगड्याने एकदा गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिकडे रस्ता मोकळा होता. मग तो पायरी उतरला आणि माणसांच्या दिशेने चालू लागला. गल्लीच्या मधोमध पोचल्यावर त्याने कुबडी घट्ट रोवली.

"बाजूला हो," मुकादम म्हणाला.

"थोडं बोलायचंय."

"घरी जाऊन बोल. सगळे दमलेत इथे."

"पुलावरच्या गाडीत मी होतो," लंगडा म्हणाला. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

मुकादमाने त्याच्या खांद्याला हात घालून त्याला ढकललं. तो डगमगला, सावरला आणि परत तिथेच उभा राहिला. पुढच्या रांगेतलं हसणं थांबलं. मागून येणाऱ्यांना काही दिसत नव्हतं. ते एकमेकांच्या पाठीवर आदळत विचारत राहिले, पुढे काय अडलंय.