होकार पोचला

चिंचणीच्या एकनाथकाकांनी २०१७ साली आपली होडी मिथुनला विकायचं कबूल केलं. भाव सांगितला आणि म्हणाले, "विचार कर, मग फोन कर." मिथुन तारापूरला कंपनीत होता. सकाळी ड्यूटी सुटताच त्याने फोन करून होकार दिला. गावात आला तर काकांच्या दारात रडारड. आदल्या संध्याकाळी काका होडीवरून समुद्रात पडले होते, ते सापडलेच नाहीत.

पुढे त्यांचा मुलगा शैलेश होडी देईना. "बाबा गेल्यावर कसला करार?" शेवटी सगळे डहाणूला वकीलबाईंकडे गेले.

"होकार देताना ते गेल्याचं तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी मिथुनला विचारलं.

"नाही."

"मग कायद्याने करार होऊ शकतो. पण होकार कळवलात कुणाला?"

"काकांनाच. फोन त्यांनीच उचलला."

शैलेशचा चेहरा पांढरा पडला. "पडले तेव्हा फोन त्यांच्या खिशातच होता," तो पुटपुटला.

काकांची बायको निर्मला पुढे सरकली. तिने मिथुनचा हात धरला.

 

"थंडी वाजते म्हणाले का रे?"