किल्ल्यापुरतं शेवाळ

"शेवाळ कुठे गेलं?" गच्चीवरून भालचंद्रराव ओरडले. कालपर्यंत हिरवीगार असलेली गच्ची घासून लख्ख झाली होती.

"खरवडून काढलं!" खाली अंगणातून कुमुदताई म्हणाल्या. "पाणी मुरून छत गळतंय आणि तुमचं रोज आपलं 'उद्या करतो'!"

"अगं, दिवाळीच्या किल्ल्यासाठी राखलं होतं मी ते! आता डोंगर काय बोडका ठेवू? गल्लीतली पोरं हसतील मला!"

तणतणत ते जिना उतरले आणि अंगणात येऊन थबकले. ओल्या पोत्यावर शेवाळाचे अख्खेच्या अख्खे थर पसरलेले होते. कुठेही तुटलेले नव्हते. कुमुदताईंचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते.

"बघत काय राहिलात? माती कालवा," त्या म्हणाल्या. "आणि यंदा बुरूज मी बांधणार."