टकल्या

ओव्हनचं दार तिनं पुन्हा उघडलं.

"मावशी, सारखं उघडू नकोस गं. बसतात कुकीज मग!" ओट्यावर पाय हलवत बसलेली टिल्ली म्हणाली. वय नऊ, सूर सासूचा.

मावशीनं दार लावलं. हात पुसले. कोरडेच होते, तरी पुसले.

बाहेरच्या खोलीत टिल्लीचा मामा. बसलाय म्हणायचं एवढंच. बोटात गाडीची किल्ली गरगर फिरतेय. दाराशी टिल्लीची बॅग. टिल्लीची आई गेल्यावर मावशी (नात्याची नव्हे, नुसती म्हणायची) बाबांशी लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: आमच्या बहिणीची पोर आमच्याकडे राहू दे. शेवटी टिल्लीचे बाबा म्हणाले, तिलाच विचारा. विचारलं.

"आधी कुकीज," टिल्ली म्हणाली.

हो नाही की नाही नाही. बाबा खाली फेऱ्या मारायला गेले ते वर आलेच नाहीत.

म्हणून लोणी. म्हणून साखर, अंडं, मैदा, ओट्स.

"ओट्स भिजवू का?"

"आई नाही भिजवायची."

नाही भिजवले. मग चॉकलेटचे तुकडे. मग गोळे. मावशी शिवणकाम करायची. दोन बाह्यांत सुताचा फरक पडला तर रात्रभर झोप नाही तिला. भांडं खरवडून शेवटचा गोळा वळला, तर त्यात चॉकलेटचा एक तुकडा येईल तर शपथ. टिल्ली तेव्हा प्लेटा काढत होती. मावशीनं या गोळ्यातला एक, त्या गोळ्यातला एक असे तुकडे उचलले आणि त्या भुंड्या गोळ्यात दाबून बसवले. सगळे सारखे. आज निदान हे तरी.

ट्रे बाहेर आला. घरभर वास. बाहेर किल्ली क्षणभर थांबली, पुन्हा फिरू लागली.

टिल्ली ट्रेवर वाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा या टोकापासून.

"टकल्या कुठंय?"

"कोण?"

"टकल्या! शेवटचा. त्याला चॉकलेट नसतं तो."

"मी लावलं त्याला. बरं दिसेना म्हणून—"

"का लावलंस?" टिल्लीचा आवाज एकदम वर गेला. "तो करणाऱ्याचा असतो! करणाऱ्याचा टकल्या संपेपर्यंत टेबलावरून कुणीच उठायचं नसतं. आई इतकी हळू खायची, इतकी हळू, की बाबा ओरडायचे, अगं बाई, माझी बस गेली."

"टिल्ले, झालं का गं?" बाहेरून मामा. "उजेड आहे तोवर निघू."

 टिल्ली ट्रेकडे बघत होती. मावशी तिच्याकडे.

त्यातला टकल्या कोणता, आता मावशीलाही ओळखू येईना; काम इतकं बेमालूम. जी हाताला लागली ती कुकी तिनं उचलली, काटा घेतला आणि शिवण उसवावी तसे एकेक तुकडे उसवू लागली. चॉकलेट पातळ होऊन चिकटत होतं, बोटं भाजत होती. एका कडेचा टवका उडाला. खाली धरलेल्या तळहातावर तिनं तो झेलला आणि जागेवर दाबून बसवला.

"हा चालेल?"

"ईऽ, कांजिण्या झाल्यात त्याला." टिल्लीनं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "चालेल. बाबांना हाक मार."

बाबा आले, खुर्चीच्या टोकावर टेकले. कुणी कुणाकडे बघेना. टेबलाखाली टिल्लीचे पाय हलतच होते. मामानं दोन घासांत एक कुकी संपवली, दुसरी संपवली, मिशा पुसल्या.

"छान झाल्यात हं." तो उठला. "चल टिल्ले. बॅग मी घेतो."

"मामा, खाली बस."

"अगं, उशीर—"

"मावशीचा टकल्या राहिलाय."

मामा काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही. पण हा नियम टिल्लीच्या आईनं माहेरून आणलेला, त्याच्याच घरचा. लहानपणी त्यानंही याच नियमापायी खेळायला जायचं सोडून चुळबुळत वाट बघितलेली. तो मावशीसमोरच्या त्या भोकाभोकांच्या कुकीकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून खाली बसला. किल्ली टेबलावर ठेवली.

"आटपा मग," तो भिंतीला म्हणाला.

टेबलाखालचे पाय थांबले.

मावशीनं टकल्याचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा मोडला, जिभेवर ठेवला आणि चावला नाही.