बदललेला रक्तगट

“रक्तगट?” सुई हातात घेऊन नर्सने विचारलं.

“ओ,” तो सवयीने म्हणाला.

“बी,” मागून वहिनी म्हणाली. “आधी ओ होता. आता बी आहे.”

नर्सने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मान हलवली आणि रक्त काढून घेतलं.

बाहेरच्या बाकावर तो भिंतीला डोकं टेकून बसला. त्याला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा थोरल्या भावाने आपल्या अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या होत्या. त्या रुजल्या. तो वाचला. आणि वर्षभरातच तो धडधाकट भाऊ ट्रकखाली सापडला. तेव्हापासून दर तीन महिन्यांच्या तपासणीला वहिनी सोबत यायची. शिलाईच्या कारखान्यात रजा टाकायची, दोन बस बदलायची आणि इथे येऊन अवाक्षर न काढता बसून राहायची. तिच्याकडे बघितलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जायचं होतं ते आपण. गेला तो. आणि ही अजून आपल्यासाठी खस्ता खातेय.

“वहिनी, पुरे झालं आता,” तो म्हणाला. “त्या सुया, हा बाक... जीव विटलाय. यापुढे मी येत नाही. तुम्हीही सुटाल एकदाच्या.”

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी आत बोलावलं. डोळे चोळत त्या म्हणाल्या, “मागच्या खेपेचे रिपोर्ट उत्तम आहेत. आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल.”

“सुटलो,” तो म्हणाला. “पण एक सांगा. माणसाचा रक्तगट बदलतोच कसा?”

“रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होतं. तिथे आता तुमच्या भावाच्या पेशी आहेत, त्यामुळे डीएनए त्यांचा. रक्तगटाची माहिती त्यात असते. पेशी त्या भागाची नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात. ती वाचून पेशी प्रथिन बनवते आणि ते प्रथिन लाल पेशींवर बी गटाची खूण चढवतं.”

“म्हणजे अंगातलं रक्तसुद्धा माझं नाही,” तो थकून हसला आणि उठला.

वहिनी मात्र उठली नाही. इतक्या फेऱ्यांत तिने डॉक्टरांना कधी काही विचारलं नव्हतं. आज तिने विचारलं.

“डॉक्टर, अजून सगळ्या पेशी ह्यांच्याच आहेत ना? कमी नाही ना झाल्या?”

“सगळ्या त्यांच्याच आहेत. रोज नवं रक्त बनवतायत. आत्ता, आपण बोलतोय तेव्हासुद्धा.”

वहिनीने डोळे मिटले. दाराच्या कडीवरचा त्याचा हात तसाच राहिला. मग तो मागे आला आणि तिच्या शेजारी बसला.

“वर्षाने नको, डॉक्टर,” तो म्हणाला. “आम्हाला दर तीन महिन्यांनीच बोलवा.”