खाडीचं देणं

नवरा खाडीत बुडाल्यापासून वैजयंताने पाण्याकडे बघितलं नव्हतं. आज मात्र ओहोटी लागताच ती टोपली घेऊन निघाली.

"खाडीने माझा मुलगा गिळला, आणि तू तिच्याकडेच चाललीस?" सासूने विचारलं.

"चार शब्द सुनावायला जातेय, आये."

गुडघाभर चिखलात उभी राहून ती खाडीला तोंडाला येईल ते बोलली. घसा बसला तेव्हा कांदळवनातून वारा आला, तिच्या आवाजाने उडालेले बगळे पुन्हा खाली उतरले आणि तिच्या पायाच्या बोटांना तिसऱ्यांचे कडक शिंपले लागले. सवयीने तिने हात घातला आणि मूठभर तिसऱ्या वर काढल्या. उन्हाने पाठ शेकत गेली, टोपली भरत गेली, आणि कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली. त्या भुकेची तिला लाज वाटली नाही.

दुपारी तिने तिसऱ्यांचं सुकं सासूच्या ताटात वाढलं.

"तिच्या पोटातलं खायचं आपण?" म्हातारीने ताट दूर सारलं.

"तिने आपला माणूस नेलाय, आये. आता मी रोज जाणार आणि रोज तिच्याकडून घेणार."

म्हातारीने डोळे पुसले आणि ताट पुढ्यात ओढलं.