एका गोलाची पैज

“पाच गोल खाल्ले, घातला एक बी नाही. अन् हे लेकाचे आशिया कप जिंकून राह्यले!” खुर्चीत रेललेल्या रामरावांनी फर्मावले, “सुपडा, बंद कर तो टीव्ही. गाणे लाव.”

“टीव्ही चालूच राहीन,” मागच्या बाकावरून गोकुळ म्हणाला.

सुपडा न्हावी रामरावांच्या गालावर फेस लावत होता. त्याने दोघांपैकी कोणाकडेही पाहिले नाही आणि टीव्हीही बंद केला नाही. डोणगावात निदान त्याच्या दुकानापुरता एक संकेत रूढ झाला होता: भारताचा फुटबॉल सामना असला की हुकूम गोकुळचा. कतारमध्ये सीरियाविरुद्धचा अखेरचा साखळी सामना आता सुरू व्हायचा होता.

“चौसष्ट साली आपण आशियात दुसरे होतो, काका. कोरियाले हरवलं होतं.”

“टीमा किती होत्या ते बी सांग ना. चार! चारात दुसरा!”

“चारात दुसरा आला त्याले, घरी बसलेल्यानं हसू नये.”

दुकानात हशा पिकला. रामराव मोठे बागायतदार. आपल्यावर कोणी हसावे याची त्यांना सवय नव्हती.

“मंग चौऱ्याऐंशीचं बी सांग,” ते म्हणाले. “चार सामने, गोल शून्य.”

“इराणले शून्यावर रोखलं होतं.”

“हाव. अन् त्याच टीमच्या मांगं तुहा बाप कलकत्त्याले गेला. टीम वर आली नाही, बाप वापस आला नाही.”

सुपडाचा वस्तरा थबकला.

पुंजाजी गेला तेव्हा गोकुळ आठ वर्षांचा होता. आशिया कपाची पात्रता फेरी कलकत्त्यात होती. फुटबॉलच्या वेडापायी पुंजाजी कपाशीची वेचणी अर्धी टाकून गाडीत बसला, तो परतलाच नाही. गावाने त्याला केव्हाच मेलेल्यांत जमा केले होते. केले नव्हते ते फक्त त्याच्या घराने. अक्षय्य तृतीयेला घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात. गोजरबाईने नवऱ्याच्या नावाची घागर कधी भरली नाही. आणि गोकुळने मिशी राखली. बाप हयात असेतो मुलाने मिशी उतरवू नये, ती बाप गेल्यावरच उतरावी, हा दंडक पोराटोरांनाही ठाऊक होता. पुंजाजीच्या मरणाबद्दल कोणी वाद घातलाच, तर गोकुळ उत्तर देत नसे; नुसता मिशीवरून हात फिरवी. त्याच्या लेखी एवढा पुरावा पुरेसा होता.

आताही त्याचा हात मिशीवर गेला.

“आज एक गोल होईन,” तो म्हणाला. “जिंकन असं म्हणत नाही मी. एक गोल. नाही झाला तं याच खुर्चीत बसून मिशी काढतो.”

“येडा झाला का बे?” सुपडा ओरडला. “बाप असताना?”

“माह्या बापाची टीम हाय ते. तो जित्ता हाय, अन् कुठंतरी बसून हाच सामना पाहून राह्यला. गोल होईन.”

पूर्वार्ध कोरा गेला. चहा आला आणि तसाच निवला. दाढी होऊनही रामराव उठले नाहीत, उत्तरार्धात तर तेच सर्वांत मोठ्याने ओरडू लागले, “अरे मार ना बे, मार!” पण गोल झाला तो सीरियाचा. त्यानंतर भारताचा एकेक चेंडू कोणाच्या तरी पायात अडत राहिला, आणि शिटी वाजली.

रामराव खुर्चीतून उठले.

“मस्करी होती, गोकुळ,” ते पडेल आवाजात म्हणाले. “माहं तोंड वाईट. पैज माफ. घरी जाय.”

“पैज तुमच्यासंगं नव्हती, काका.” गोकुळ खुर्चीत येऊन बसला. “ते पोरं हरले, पण मैदान सोडून पयाले नाही. मी काऊन पयू? सुपडा, फेस लाव.”

“माह्याच्यानं नाही होत.”

“तं वस्तरा दे.”

त्याने आपल्या हाताने मिशी उतरवली. आरशातला वरचा ओठ कोवळा आणि परका दिसत होता. टॉवेलने तोंड पुसून तो दुकानभर एक नजर फिरवत म्हणाला,

“गेली मिशी. बाप जित्ताच हाय. केसं काढल्यानं माणूस मरत नसते. कोणाले काही म्हणायचं असन तं आत्ता म्हणा.”

रामरावांनी मान खाली घातली.

घराकडे चालताना त्याने आईसाठी उत्तरे जुळवली. ती रागावेल, शिव्या देईल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. मग तिलाही तेच ठणकावून सांगायचे: दंडक गावाचा असतो, बाप आपला असतो.

ओट्यावरच्या दिव्याखाली गोजरबाई सुपात तूर निवडत बसली होती. पावलांच्या आवाजाने तिने वर पाहिले आणि तिची बोटे सुपातच थांबली.

“माय, आधी ऐकून घे. त्या सामन्यात...”

तिने हात वर करून त्याला थांबवले. सूप बाजूला सारून ती उठली, जवळ आली, आणि लहान मुलाचे तोंड पुसावे तशी त्याच्या उघड्या ओठावरून बोटे फिरवली. ती रागावली नव्हती. उलट, डोक्यावरचा भारा कोणी उतरवून घ्यावा तसा तिचा श्वास सुटला. मग तिने पदराने आपले कपाळ सावकाश, स्वच्छ पुसले.

“तुले कोनं सांगतलं?” ती म्हणाली. “खबर आली तवा तू आठ वर्साचा होता, गोकुळ, तुह्यासाठी म्या कुंकू पुसलं नाही.”