वीतभर सिमेंट

“माझ्या पोरी तुमच्या सिमेंटने हरवल्या, साहेब. खोटं असेल तर इथेच मारा थोबाडीत!”

तांबे सर एवढ्या जोरात ओरडले, की जेसीबीवाल्याने मशीन बंद केलं. साहेब म्हणजे इथले माजी नगरसेवक. पाडकाम बघायला आले होते, पांढऱ्या कपड्यांत, चार कार्यकर्ते घेऊन. वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी माणसं मुद्दाम जमली होती. पुनर्विकासात दोन चाळींच्या मधलं बास्केटबॉलचं कोर्ट आज जाणार होतं. ज्याने त्याने मोबाइल वर धरला होता.

जेसीबीने कोर्टाची एक कड उचलली होती. कापलेल्या जागी थर दिसत होते. तळाला काळी फरशी, तिच्यावर कोबा, मग सिमेंट, वर अजून सिमेंट. दर निवडणुकीच्या आधी एक थर. साहेब यायचे, नारळ फुटायचा, कोनशिला बसायची, फोटो निघायचे. जुनं उखडायचे कष्ट कोण घेतो? त्याच्यावरच नवं ओतायचे. रिंगचा खांब मात्र तळाच्या फरशीत रोवलेला. तो होता तेवढाच राहिला, जमीन वर आली. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर हवी, जगभर तोच नियम. इथे ती चांगली वीतभर खाली आली होती.

गंगाधर तांबे याच चाळीतले. एका बड्या कंपनीच्या टीममध्ये पगारावर खेळले, देशाची जर्सी घातली. खेळ संपला तसे परत इथेच आले आणि पंचवीस वर्षं चाळीतल्या पोरींना शिकवत राहिले. घरच्या कोर्टावर त्यांची टीम हरायचीच नाही. उन्हाळ्यातल्या स्पर्धेची ढाल दरवर्षी चाळीतच. पेपरात सरांचा फोटो, पुढे पोरी बसलेल्या.

पण त्याच पोरी राज्याच्या निवड चाचणीला गेल्या, की त्यांचे बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून खाली यायचे. एकीचे नाही, सगळ्यांचे. पोरी रडत परतायच्या. सर म्हणायचे, “घाबरता तुम्ही. बाहेर पडलात की हात आखडतात. चाळीच्या पोरी त्या चाळीच्याच.” पोरींनी ते खरं मानलं. राज्याची टीम नाही म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी नाही. कुणी मॉलमध्ये उभी राहिली, कुणाचं लग्न उरकलं. ह्या हरलेल्या पोरींची चौकशी ना साहेबांनी केली, ना दुसऱ्या कुणी.

साहेब हसले. “अहो तांबे, कोर्ट खरखरीत झालंय, पोरींचे गुडघे फुटतात, करून द्या, असं म्हणत माझ्या दारात कोण यायचं? माझी सासू? आणि जमीन वर आली तर रिंग वर घ्यायची. ते पण नगरसेवकानेच करायचं काय?”

कार्यकर्ते खिदळले. गर्दीतले दोघंतिघंही हसले.

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी गर्दीत बघितलं आणि बोट केलं. “मेघना, ये पुढे. सांग यांना. तुझ्यासारखी शूटर ह्या चाळीत झाली नाही. चाचणीला तुझे किती फ्री थ्रो पडले? सांग, कुणी वाटोळं केलं तुझं!”

मेघना कदम मॉलच्या युनिफॉर्ममध्येच आली होती. ड्युटीवरून सरळ. ती पुढे आली. कापलेल्या कडेपाशी बसली. फरशीच्या वरच्या थरांवर हाताची वीत लावली. अंगठा तळाला, करंगळी वर. मग बराच वेळ तिने हात काढला नाही.

“बोल ना गं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“एकही पडला नाही,” ती म्हणाली. ती साहेबांकडे बघतच नव्हती. “सर, बाहेरच्या टीम इथे यायच्या तेव्हा त्यांचे बॉल रिंगच्या वरून जायचे. मागच्या बोर्डावर आपटायचे. आपण हसायचो.”

“तेच तर सांगतोय मी—”

“मला बोलू द्या. मी दहा वर्षांची होते. माझा पहिला दिवस. आम्ही पोरी तुमच्या मागे लागलो, सर, एक शॉट मारून दाखवा ना. तुम्ही मारलात. तुमचाही बॉल वरून गेला.”

सरांनी मान वळवून रिंगकडे बघितलं.

“आम्हाला वाटलं, तुमची सवय गेली. तुम्ही रिंगकडे बघत उभे राहिलात. मग खाली जमिनीकडे बघितलंत. त्यानंतर तुम्ही इथे एकदाही शॉट मारला नाहीत. कुणी म्हटलं की गुडघा दुखतो म्हणायचात. फ्री थ्रो रेषेवर उभं राहून मारायचा, उडी लागत नाही, सर. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला.”

गर्दीतले मोबाइल आता साहेबांवरून सरांकडे वळले. साहेबही तिकडेच वळले.

“नाक्यावरच्या वेल्डरने अर्ध्या दिवसात रिंग वर घेतली असती. मग ढाल दरवर्षी इथे राहिली नसती. पेपरात फोटो आला नसता. एवढंच झालं असतं.”

“मेघना, बाळा, इथे नको. चार लोकांत…”

“घाबरट पण तुम्ही मला चार लोकांतच म्हणालात.” ती उठली. हाताला लागलेली धूळ तिने पुसलीसुद्धा नाही. “देशाकडून खेळलेला माणूस तुम्ही. दहा फूट तुमच्या मनगटात होतं. रिंग खाली आलीय, हे त्या एका शॉटला तुम्हाला कळलं होतं. हो की नाही, सर? सगळ्यांसमोर सांगा.”